रत्नम्माच्या कोपराखालची काठवट

मित्रांनो, मी शिवणीच्या लाकडाची एक जुनी काठवट आहे. तुमच्यापैकी पुष्कळांनी मला पाहिलेलेही नसेल. ज्वारीचे पीठ ज्यात मळायचे आणि ज्यातच भाकरी थापायची, ते गोल, उथळ, लाकडी भांडे म्हणजे काठवट. आता घरोघरी स्टीलच्या पराती आल्या आहेत. त्या दिसायला चकचकीत असतात आणि हातातून निसटल्या तर सगळी गल्ली गोळा करतात. आम्हा काठवटींना असा आवाज करता येत नाही. पण आम्हाला हात कळतो. कोण रागात आहे, कुणाला बारीक ताप आहे, कोण सकाळपासून उपाशी आहे, हे पिठावर पडणाऱ्या तळव्यावरून मला कळते. मी आयुष्यात पुष्कळ हात पाहिले. त्यांतल्या एका हाताने मला जे दाखवले, त्याने मी आजही थक्क होते. ती हकीकत तुम्हाला सांगावी म्हणून हा खटाटोप.

माझा जन्म किनवटचा. तिकडे जंगल आहे आणि जंगलाच्या कडेला दगडोबा सुतार राहत. त्यांनी मला एकाच ओंडक्यातून वाकस नावाच्या हत्याराने कोरून काढले. जोड नाही आणि खिळा नाही, असा त्यांचा नियम होता. चार दिवस त्यांनी मला घासले, मग करडईचे तेल पाजले आणि सावलीत वाळवले. तिथून फिरत फिरत मी उदगीरच्या बाजारात आले. दानम्मा नावाच्या एका ठसकेबाज बाईंनी मला उचलले, बोटाच्या पेराने वाजवून पाहिले, माझ्यात तांब्याभर पाणी ओतले आणि त्या पाण्याकडे बघत चक्क अर्धा तास बसून राहिल्या. एक थेंब पाझरला नाही, तेव्हा म्हणाल्या, "चांगली हाय." दानम्मांच्या तोंडून एवढे निघाले म्हणजे पुष्कळच, हे मला नंतर समजले.

पुढच्या वर्षी त्या घरात दोन पाहुणे आले, बहात्तरचा दुष्काळ आणि नवी सून रत्नम्मा. दानम्मांचा मुलगा सिद्धराम याचे गावात किराणा दुकान होते. रत्नम्मा भालकीकडची, सतरा वर्षांची. तिच्या मराठीत कानडी शब्द डोकावायचे आणि ती सासूला 'अव्वा', म्हणजे आई, म्हणायची. त्या वर्षी ज्वारी दिसेनाशी झाली होती. रेशनवर मिलो नावाची तांबडी परदेशी ज्वारी मिळायची. तिच्या पिठाला चिकटपणा म्हणून नाही. दानम्मांसारख्या मुरलेल्या बाईची भाकरीसुद्धा तव्यापर्यंत पोचेपर्यंत चार तुकडे होई. रत्नम्माने पहिल्याच आठवड्यात पाणी उकळले, पिठात ओतले आणि वाफ निघत असतानाच ते मळायला घेतले. उजव्या हाताच्या तळव्याने ती असे काही मळू लागली की माझ्या अंगावर काटा यावा. आणि भाकरी अखंड उतरली! नागुबाई नावाची शेजारीण ती बघायला म्हणून आली, आणि दुसऱ्या दिवशी आपले पीठ घेऊन शिकायला आली.

"पोरीच्या हाताला गुण हाय," दानम्मा म्हणाल्या.

सगळ्यांनी कौतुक केले ते उजव्या हाताचे. मला मात्र दुसरेच माहीत होते. उजवा हात थापत असताना डावा हात माझा काठ धरून ठेवी. मी तसूभर सरकू नये, एवढेच त्याचे काम. पण तो इतक्या निश्चयाने धरी की दहा वर्षांत माझ्या काठावर त्याच्या अंगठ्याची एक गुळगुळीत जागा तयार झाली. आणि त्या हाताचे खरे मोठे काम भाकरीचे नव्हतेच.

हे कुटुंब लिंगायतांचे. रत्नम्माच्या गळ्यात चांदीच्या छोट्या डबीत इष्टलिंग असे. रोज सकाळी आंघोळ झाली की ती स्वयंपाकघराच्याच एका कोपऱ्यात बसे, लिंग काढून डाव्या तळहातावर ठेवी, विभूती लावी, बेलाचे पान वाही आणि तळहात डोळ्यांसमोर उचलून धरी. एकशे आठ जप होईपर्यंत तो हात तसाच असे. त्यावेळी मी शेजारीच पीठ घेऊन तयार असे. पूजा झाल्याशिवाय तिच्या पोटात पाण्याचा घोटही जात नसे. एवढासा काळा देव आणि त्याला बसायला माणसाचा तळहात! देवळे दगडाची असतात, असे मी ऐकले होते. हे देऊळ हाडामांसाचे होते, रोज उभे राहत होते, आणि मी ते अगदी शेजारून पाहत होते.

ब्याऐंशी साली लातूर जिल्हा झाला. आपलेच गाव जिल्हा व्हायला हवे होते, असे उदगीरकरांना वाटे, त्यामुळे गावात थोडे तोंड वाकडे, थोडा आनंद असा प्रकार होता. तरी सिद्धराम पेढे घेऊन घरी आला. रत्नम्मा भाकरी थापत होती. त्याच वेळी मी सरकले. आयुष्यात पहिल्यांदा सरकले. डाव्या हाताने मला धरलेच नव्हते. तो हात माझ्या काठावर होता, पण त्यात जोर नव्हता. भाकरी जमिनीवर पडली. सिद्धराम हसत म्हणाला, "जिल्ह्याच्या आनंदात हात सुटला काय गं?" रत्नम्माही हसली. मला मात्र तो हात वेगळा लागला होता.

त्याच्या आदल्या वर्षी तिच्या एका डोळ्यापुढे पंधरा दिवस धुके आले होते. ते आपोआप गेले, म्हणून सगळे विसरले होते. आता हाताला मुंग्या येऊ लागल्या. नंतर खांद्यापासून मनगटापर्यंत ठणका. कपडे वाळत घालताना हात अर्ध्यातून खाली येई. सिद्धरामने गावातले डॉक्टर केले आणि शेवटी तिला गाडीत बसवून हैदराबादला नेले. तिथे पाठीच्या कण्यातले पाणी काढून तपासले, आणि आजाराचे नाव कळले: मल्टिपल स्क्लेरॉसिस. सिद्धरामने ते कागदावर लिहून आणले होते. आईला समजावताना तो म्हणाला, "हात चांगला हाय, अव्वा. डोक्यातून हाताकडं ज्या तारा येतात, त्यांच्यावरचं कव्हर झिजून राहिलंय. मग करंट मधीच सांडतो."

"तारा बदलता येतात का?"

"न्हाई. आजार जाणार न्हाई म्हणले. कधी जोर करील, कधी वसरील. जोर करील तवा इंजेक्शन. आन् उन्हात फिरायचं न्हाई."

इंजेक्शनांनी हात बराचसा परत आला. तीनचार वर्षे बरी गेली, लेकरे शाळेत जाऊ लागली. रत्नम्मा पुन्हा मला धरू लागली. पूर्वीसारखे घट्ट नाही, पण धरू लागली. मी माझ्याकडून सरकायचे नाही असे ठरवले होते, पण लाकडाच्या ठरवण्याला कोण विचारतो?

मग शहाऐंशीचा उन्हाळा आला. पुन्हा दुष्काळ. आमच्या गल्लीतला आड कोरडा पडला, चौथ्या दिवशी टँकर येई, आणि घरावरचे पत्रे सकाळी नऊलाच तापत. त्या उन्हाळ्यात आजाराने पुन्हा जोर केला. इंजेक्शने झाली, पण या खेपेला हात पुरता परतला नाही. खांद्यातून असा ठणका निघे की रत्नम्मा पदर तोंडात धरी.

आणि इथे घरातल्या माणसांकडून एक चूक झाली. डॉक्टरांनी ऊन टाळा म्हणून सांगितले होते, म्हणून दानम्मांनी सुनेला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू दिले नाही. दारावर ओले पोते लावले. आणि घरात बसवून तिच्या खांद्याला दिवसातून दोनदा शेक दिला! दुखऱ्या हाताला शेक द्यायचा, हे आपल्याकडे कुणाला शिकवावे लागत नाही. मिठाची पुरचुंडी तव्यावर तापवायची, आणि तेवढ्याने भागले नाही तर नागुबाई आपल्या चुलीतली गरम वीट फडक्यात गुंडाळून आणी. ऊन वेगळे आणि शेक वेगळा, असेच सगळ्यांना वाटले. शेक घेतला की घटकाभर बरे वाटे, आणि मग तो हात ओल्या फडक्यासारखा लोंबू लागे. तसा तो लोंबला की पुन्हा वीट गरम होई. माया होती हो सगळी. मायेनेच त्या हाताचे हाल होत होते.

एका सकाळी शेक घेऊन झाल्यावर रत्नम्मा पूजेला बसली. मी शेजारी, चाळलेले पीठ पोटात घेऊन. तिने लिंग तळहातावर ठेवले. हात उचलला. दंड थरथरू लागला. तिने दात आवळले. तळहात कलला आणि लिंग घसरून माझ्यात पडले.

आवाज झाला नाही. पीठ मऊ होते. लिंग त्यात रुतून बसले आणि वर पिठाचा एक हलका धुरळा उठला. मग तिने उजव्या हाताने लिंग उचलले, धुतले, डोळ्यांना लावले आणि डबीत ठेवले. उठून तिने सगळ्यांचा स्वयंपाक केला, दुकानातून आलेल्या नवऱ्याला वाढले, शाळेतून आलेल्या लेकरांना वाढले. आपले ताट मात्र घेतले नाही.

त्या दिवसापासून ती रोज हात उचलून पाही. हात उचलला जात नसे. मग लिंग नुसते डोळ्यांना लावून डबीत ठेवी. आणि दुपारी तांब्याभर ताक पिऊन उठे. घरात कुणाच्या लक्षात आले नाही. माझ्या लक्षात आले होते, पण मी काय करणार?

दानम्मांची नजर तोवर अधू झाली होती. त्या दाराशी बसून असत. दिसत कमी असले तरी भाकरीच्या थापा मात्र त्या ऐकत. आठव्या दिवशी त्यांनी हाक मारली.

"रत्नव्वा, रोज नऊ भाकरी होत्या. आठ दिस झाले, सातच थापून राहिलीस. दोन भाकरी कुठं चालल्या?"

"भूक न्हाई, अव्वा."

"भूक न्हाई का पूजा न्हाई?"

रत्नम्माने हातातले पीठ खाली ठेवले. मग ती सगळे बोलली. "लिंग पडलं माज्या हातून. हात उचलत न्हाई. आतून कुणी पिळून राहिल्यावानी ठणकतो. हात खालीच ठेवून मान वाकवून बघावं, तर मानेपासून बोटापतूर करंट जातो. पूजा अर्धीच होती, अव्वा. मग जेवण बी अर्धंच."

दानम्मा सरकत सरकत आल्या. "कुठं पडलं म्हणलीस?"

"काठवटीत. पिठात."

"मग पडलं कामून म्हणतीस? अन्नात जाऊन बसलं म्हण." दानम्मा अगदी ठसक्यात बोलल्या. पण त्यांनी माझा काठ दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. "देवानं सांगितलं व्हय तुला उपाशी ऱ्हा म्हणून?"

"देव न्हाई म्हणला. म्याच म्हणले. ह्या हातावर पूजा व्हईल त्या दिशी पोटभर जेवीन."

तिला समजावून सगळे थकले. मठातले गुरू, अय्या, येऊन सांगून गेले की आजारी माणसाला सूट आहे, मनात पूजा केली तरी पोचते. रत्नम्माने त्यांना वाकून नमस्कार केला आणि ताक पिऊन उठली. तिच्या बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत घसरू लागल्या. आजाराने जेवढा हात नेला होता, त्याहून जास्त आता उपास नेत होता. हे बाईमाणूस आपल्या हट्टापायी जाणार, या भीतीने घर धास्तावले.

मळायचे काम दानम्मांकडे आले. माझे वजन त्यांना झेपेना. सिद्धरामने एक हलकी स्टीलची परात आणली आणि मला माळ्यावर टाकले. वर तापलेले पत्रे होते. मित्रांनो, लाकडी भांड्याला रोज थोडे पाणी लागते, थोडा हात लागतो. तीन आठवड्यांत मी काठापासून मध्यापर्यंत तडकले. दगडोबांनी घासून घासून केलेले माझे अंग असे उलले, आणि खाली परातीचा खणखणाट चालू होता. मला रडू येत असते तर मी रडले असते.

त्याच दिवसांत सिद्धराम रत्नम्माला लातूरला घेऊन गेला. बाकी काही म्हणा, जिल्हा तिथे झाला म्हणून तिथल्या दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या उमादेवी आल्या होत्या. संध्याकाळी परतल्यावर रत्नम्मा सासूला आणि नागुबाईला सांगत होती, ते मी माळ्यावरून ऐकले.

"बाईनं हात उलटापालटा करून बगितला. मग म्हणली, ताई, ह्या हातानं तुम्हाला काय करायचंय? चार वर्सं झाली, अव्वा. कुठं दुखतं ते समद्यांनी इचारलं. काय करायचंय ते कुणी इचारलं न्हवतं."

"मग तू काय म्हणलीस?"

"म्हणले, एकशे आठ जप होईपतूर लिंग तळहातावर धरायचंय. मला वाटलं हसतील. त्या हसल्या न्हाईत. म्हणल्या, बसून दाखवा कसं धरता ते. मी फरशीवर बसले. त्यांनी टेप लावून जमिनीपासून कोपरापतूर माप घेतलं. एक वीत भरलं. म्हणल्या, हात धरायला ताकद लागती, पण हाताचं वजन हातानंच कामून उचलायचं? कोपराखाली काहीतरी घ्या."

उमादेवींनी आणखीही सांगितले होते. काम पहाटे गारव्यात करायचे. थकल्यावर थांबायचे नाही, थकायच्या आधी थांबायचे. खांदा रोज हळूहळू फिरवायचा, दुखेपर्यंत ओढायचा नाही. ठणक्याच्या गोळ्या डॉक्टरांच्या सांगण्यानेच घ्यायच्या. आणि शेक बंद. या आजारात उष्णतेने तारा आणखी मंद होतात, म्हणून गार पाण्याची घडी ठेवायची. हे ऐकून नागुबाई उठून गेली. दुसऱ्या दिवसापासून ती सकाळी एक तांब्या गार पाणी आणून ठेवू लागली. टँकरच्या पाण्यातला, आपल्या वाट्याचा. "वीट माझीच व्हती," एवढेच ती म्हणाली. त्या पाण्यात घडी भिजे, मग ते पिळलेले पाणी बेलाच्या झाडाला जाई.

आता कोपराखाली घ्यायचे काय? उशी घेतली. ती दबली आणि हाताखाली तापली. विटांची चवड लावली, ती कोपराला बोचली. चौरंग घेतला, तो उंच झाला आणि खांदा कानाला लागला. शेवटी सिद्धराम बायकोसमोर मांडी घालून बसला. "म्या धरतो की कोपर. परका हाय का?"

रत्नम्मा म्हणाली, "तुमी परके न्हाईत. पण तुमी धरलं तर ती तुमची पूजा व्हईल."

तो बिचारा उठला. त्याने दुसरीकडे तोंड करून धोतराच्या सोग्याने चेहरा पुसला, ते मी वरून पाहिले.

दोन दिवसांनी सरपण संपले. दुष्काळात लाकूडही मिळेना. सिद्धराम माळ्यावर चढला आणि त्याने मला खाली घेतले. "ही तडकली. फोडतो आता," असे म्हणत त्याने मला जवळच्या पाटावर पालथे ठेवले आणि तो कुऱ्हाड आणायला गेला. मित्रांनो, माझे दिवस भरले असेच मी समजले. आयुष्यात तक्रार नव्हती. फक्त त्या डाव्या हाताचे पुढे काय झाले, ते पाहायचे राहून जाणार होते.

दानम्मा चाचपडत चुलीकडे निघाल्या होत्या. त्यांचा हात माझ्या पाठीवर पडला. त्या थांबल्या. अंगठा जमिनीला टेकवून त्यांनी करंगळी ताणली. करंगळी बरोबर माझ्या पाठीवर आली. त्यांनी पुन्हा वीत घातली. पुन्हा तेच.

"सिद्धरामा," त्या ओरडल्या, "कुऱ्हाड ठेव! आधी हिकडं ये!"

नागुबाई नेमकी पाणी घेऊन आली होती. ती कुजबुजली, "पालथं भांडं, दानक्का? पूजेच्या जागी? आन् ते बी सैपाकाचं?"

दानम्मा तिच्याकडे वळल्या. "जिच्यात लिंग जाऊन बसलं, तिच्यावर कोपर टेकलं तर बाट व्हईल व्हय?"

नागुबाईने पुढे होऊन आपल्या पदराने माझ्या पाठीवरची धूळ पुसली. सिद्धरामने माझी चीर मिटवून तिच्यावर पत्र्याची पट्टी ठोकली, म्हणजे रत्नम्माच्या कातड्याला चिमटा बसायला नको. जोड नाही आणि खिळा नाही, हा दगडोबांचा नियम त्या दिवशी मोडला. दगडोबांना ते चालले असते, असे मला वाटते.

दुसऱ्या दिवशी पहाटे, पत्रे गार होते तेव्हा, रत्नम्मा पूजेला बसली. तिच्या डावीकडे पाट, पाटावर पालथी मी, माझ्या पाठीवर ओली घडी. तिने खांदा हळूच सैल केला आणि कोपर घडीवर टेकवले. ते किती हलके झाले होते! मग उजव्या हाताने तिने लिंग तळहातावर ठेवले, विभूती लावली, बेलाचे पान वाहिले आणि हात वर झाला.

थरथर होतीच. ती गेली नव्हती. पण पूर्वी ती तळहातापर्यंत वर जाई. आता ती कोपरातून खाली माझ्यात उतरू लागली. माझ्या सगळ्या रेषांमधून, पट्टीच्या खिळ्यांमधून मला ती जाणवत होती. एका माणसाच्या आत एवढे वादळ चाललेले असते आणि बाहेर चेहरा असा शांत असतो, हे मी तेव्हा पहिल्यांदा जाणले. जिने वर्षानुवर्षे मला धरून ठेवले होते, तिला आज मी धरले होते.

चोपन्नाला ती थांबली. थकली नव्हती, थकायच्या आधी थांबली. लिंगासकट तळहात तिने माझ्या पाठीवर उतरवला, चार श्वास घेतले, पुन्हा वर नेला. दारात दानम्मा आणि सिद्धराम उभे होते. नागुबाई तांब्या हातात घेऊन तशीच खिळली होती. कुणी जप मोजत होते की नाही, ठाऊक नाही. मी मोजत होते. एकशे आठ झाले. लिंग तळहातावरच होते.

रत्नम्माने ते डबीत ठेवले आणि म्हणाली, "अव्वा, भूक लागली."

दानम्मांनी चौदा वर्षांनी पुन्हा भाकरी थापायला घेतल्या होत्या. त्यातली एकही गोल नव्हती आणि बहुतेकांचे तुकडे झाले होते. त्यांनी ताटात दोन भाकरी वाढल्या, म्हणजे सात तुकडे, वर लसणाची चटणी. रत्नम्माने एक तुकडा उचलून पाहिला आणि तिला हसू फुटले. हसता हसता ती जेवली आणि जेवता जेवता रडली. दानम्मा रागाने म्हणाल्या, "हसून राहिलीस कामून? दोन्ही संपव." तिने दोन्ही संपवल्या आणि तिसरी मागितली.

मित्रांनो, आजार बरा झाला, असे मी म्हटले तर ते खोटे होईल. त्यानंतरही तो कितीदा आला आणि वसरला. एखाद्या पहाटे कोपर माझ्यावर टेकते, पण तळहात वर जात नाही. तेव्हा तो तिथेच राहतो, आणि रत्नम्मा त्याला तेवढे माफ करायला शिकली आहे. त्या दिवशी ती पोटभर जेवतेसुद्धा. दानम्मा आता नाहीत. रत्नम्मा काठी घेऊन चालते. भाकरी परातीत होते, आणि परात अजून तशीच आदळते. माझ्यात आता कुणी पीठ मळत नाही. मला त्याचे वाईट वाटत नाही. पट्टी गंजू नये म्हणून ती मला महिन्यातून एकदा उजव्या हाताने करडईचे तेल लावते, आणि काठावरच्या त्या जुन्या अंगठ्याच्या जागेवर जरा जास्त वेळ थांबते.

जाता जाता तुमच्याकडे एकच मागणे आहे. तुमच्या घरी कुणाचा हात दुखत असेल, वस्तू हातून निसटत असतील, तर हसू नका आणि लगेच आपला इलाज त्याच्या खांद्यावर ठेवू नका. कुठे दुखते ते विचारा. मग शेजारी बसून हेही विचारा, की या हाताने तुला काय करायचे आहे? उत्तर ऐकून थक्क व्हाल. आणि घरातले एखादे तडकलेले भांडे फोडण्याआधी त्याच्या पाठीवर एकदा हात ठेवून बघा.

बाहेर फटफटू लागले आहे. आंघोळीचे पाणी थांबले. काठीचा आवाज जवळ येतो आहे. आता ते कोपर येईल, थोडे कापेल, आणि मी हलणार नाही.